नीट आहे

त्या दिवशी दुपारी तिला किळस आली होती, आणि किळस तर तिला रोजच येत असे, म्हणून तो दिवस पुढे कितीतरी दिवस तिला साधाच वाटत राहिला. प्रकाशनाच्या कचेरीत जेवायला वेगळी खोली नव्हती. ज्या लांब टेबलावर सकाळभर मुद्रितं तपासायची, त्याच टेबलावर दीड वाजता कागद बाजूला सारून डबे उघडायचे. ती शक्य तितकी भिंतीकडे तोंड करून बसत असे. समोर बसलं की माणसांची तोंडं दिसत, आणि तोंड दिसलं की तिला नको ते कळत असे. अक्षरजुळणी करणारा समोरचा म्हातारा उजव्याच बाजूने चावतो, म्हणजे डावीकडची एक दाढ पोकळ आहे आणि तिथे घास अडकतो. हिशेबनीस बाई हसताना वरचा ओठ खाली ओढून धरतात, कारण हिरड्या दात सोडून वर सरकल्यात. दारात बसणारा पहारेकरी झोपेत दात खातो. कोणी सांगितलं नव्हतं, तिने विचारलं नव्हतं. ही माहिती आपोआप येऊन तिच्या ताटाशी बसे आणि तिला घास गिळणं कठीण होई. त्या दुपारी म्हातारा बोटाने दाढ कोरत म्हणाला, "बाई, एक सांगू? रागवायचं नाही."

"सांगा."

"तुम्हाला पानात चूक सापडली ना, की आधी तुम्ही दात चाटता."

सगळे हसले. हसणं वाईट नव्हतं, पंधरा वर्षं एका टेबलावर बसलेल्या माणसांचं होतं. म्हाताऱ्याने नक्कल करून दाखवली. कागद समोर धरला, डोळे बारीक केले, खालचा जबडा थोडा पुढे काढला आणि वरच्या दातांवरून जीभ आतून हळूच डावीकडे फिरवून तिथेच थांबवली. "असं. हे झालं की मी पान माझ्यासमोर उघडतो. तुम्ही लाल पेन हातात घ्यायच्या आत निम्म्या वेळा मला चूक सापडलेली असते. माझी नोकरी तुमच्या जिभेवर चाललीय म्हणा ना."

"बोलला नाहीत कधी."

"बोललो असतो तर तुम्ही थांबवलं नसतंत का?" तो म्हणाला, आणि उजव्या बाजूने चावू लागला.

ती उठून मोरीत गेली. हात धुतले, चूळ भरली, पुन्हा हात धुतले. बेसिनवरचा आरसा खालून तडकलेला होता आणि त्यात नेमकं तोंडच दोन तुकड्यांत दिसे. तिने म्हाताऱ्याने केलं तसं करून पाहिलं. डोळे बारीक, जबडा पुढे, जीभ डावीकडे. आरशात बाबा होते.

बाबा कवळ्या करत. मागच्या खोलीत, खिडकीला लागून असलेल्या टेबलावर, चाळीस वर्षं. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची. मापं म्हणजे लोकांनी तोंडात धरून ठेवलेला गुलाबी लगदा, त्यात त्यांच्या हिरड्यांचे खळगे, कडेला लाळ, कधी सुकलेलं रक्त, एकदा घासातली हिरवी काडी. बाबा ती नळाखाली धरत, प्लास्टर ओतत, आणि संध्याकाळपर्यंत फळीवर एक नवं पांढरं तोंड वाळत पडे. फळीवर अशी साठ-सत्तर तोंडं कायम असत. मग मेणाचा पट्टा, मेणात एकेक दात, आणि बिजागरीच्या पितळी जबड्यात बसवून वरखाली मिटून उघडून पाहणं. वितळत्या मेणाचा गोड वास, पातळ औषधाचा नाकात चढणारा उग्र वास, प्लास्टरची धूळ. घरात दुसरं टेबल नव्हतं, म्हणून दुसरीपासून मॅट्रिकपर्यंत तिने अभ्यास त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर केला. नाकाला रुमाल बांधून बसायची. वहीच्या कडेला ठेवलेल्या पट्टीपलीकडे बाबांचं काही सरकलं की ती पट्टीनेच मागे ढकलायची, हात न लावता. बाबा म्हणत, "साहेबांची हद्द." आई हसे. आई तेव्हा होती.

दात लावताना बाबांचं तोंड बदलत असे, हे तिला सगळ्यांत जास्त किळसवाणं वाटे. ज्याची कवळी, त्याचं तोंड ते स्वतःच्या तोंडावर आणत. बोळक्या म्हातारीची कवळी असेल तर ओठ आत ओढलेले. पुढे आलेल्या जबड्याचा कोणी असेल तर हनुवटी पुढे. कामात बुडालेले असताना ते चावत, गिळत, बोलल्यासारखं करत, आवाज न करता. तिची एक मैत्रीण एकदा घरी आली, दारातून पाहिलं आणि म्हणाली, "तुझे बाबा कोणाला खातायत?" ती मैत्रीण पुन्हा आली नाही. शाळेत तिने सांगितलं की बाबा मूर्तिकार आहेत. ते खोटं बाबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. त्या रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "फार चुकीचं नाही सांगितलं हिने." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण खोटं बोललो याचं दुःख नव्हतं, ते खोटं त्यांनी इतक्या प्रेमाने उचलून घेतलं याची शिसारी आली होती.

एकदाच, ती चौदा वर्षांची असताना, त्यांनी विचारलं होतं, "शिकवू का तुला? नजर आहे तुझी." ती म्हणाली, "मला ओकारी येते." बाबा म्हणाले, "बरं." पुन्हा तो विषय निघाला नाही. मात्र आई गेल्यावर ते संध्याकाळी मेण तापवायचा दिवा विझवायच्या आधी हाक मारू लागले. पूर्वी ती हाक आईला असे. "साहेब, जरा बघता का? नीट आहे का?" ती दारात उभी राही, खोलीत पाऊल टाकत नसे, पितळी जबड्याकडे जेमतेम नजर टाकी आणि म्हणे, "नीट आहे." एवढीच तिची शिकवणी, वीस वर्षांची. कधी बाबा "बरं" म्हणून दिवा विझवत. कधी ती "नीट आहे" म्हणून स्वयंपाकघरात पोचायच्या आत मागे पुन्हा काडी ओढल्याचा आवाज येई आणि मेणाचा वास सुटे. म्हातारपणाचा हट्ट, असं तिला वाटत असे. एकदा तिने विचारलं, तेही दुसरं काही पाहता पाहता, की मी 'नीट आहे' म्हटल्यावर पुन्हा कशाला खरडता. बाबा म्हणाले होते, "तू म्हणालीस, पण जरा थांबून म्हणालीस."

मोरीतल्या आरशासमोर उभं राहून तिला ते वाक्य आता ऐकू आलं. म्हणजे बाबासुद्धा. म्हातारा जसा पंधरा वर्षं तिच्या जिभेवर नजर ठेवून बसला होता, तसे बाबा वीस वर्षं. तिने शिकायला नाही म्हटलं होतं, तोंडाला रुमाल बांधला होता, पट्टी आडवी ठेवली होती, आणि तरी सगळं आत गेलं होतं. कपड्यांना वास लागतो तसं. डोळे वहीवर असताना कोपऱ्यातून कोणता दात किती कलतो, मेण कुठे फुगतं, दोन्ही बाजू मिटल्यावर कुठे आधी टेकतं, हे रोज दिसत राहिलं होतं आणि ती सनावळ्या पाठ करत होती. सनावळ्यांतली एकही लक्षात राहिली नव्हती. हे राहिलं होतं. एका माणसाशी तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. ते मोडलं ते तो हसला तेव्हा त्याचे पुढचे चार दात खोटे आहेत आणि ते त्याने लपवलंय हे तिला पहिल्या पाच मिनिटांत कळलं म्हणून. घरी तिने कारण सांगितलं, स्वभाव जुळत नाही. आपल्या डोक्यात कोणीतरी न विचारता राहायला आलंय, भाडं देत नाही, आणि रोज आपल्याच ताटात जेवतंय, असं तिला त्या आरशापुढे वाटलं. ती ओकली. डब्यातलं सगळं पडलं. तोंड पुसताना तिने ठरवलं, की आजपासून आपली जीभ आपल्या ताब्यात.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा टेबलाशीच होते. वरची-खालची पूर्ण कवळी होती, एका निवृत्त शाळामास्तरीण बाईंची. बाईंनी तरुणपणीचा फोटो दिला होता. फोटोत त्यांचा वरचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. बाबांची ही पद्धत होती, की सरळ ओळीत सगळे दात लावायचे नाहीत. एक तरी वाकडा ठेवायचा, माणसाचा असेल तोच आणि असेल तसा. "सगळे सरळ लावले तर दुकानातले दिसतात," ते म्हणत. "तोंडात कोणी राहून गेलंय असं दिसायला हवं." डॉक्टर कुरकुरत, गिऱ्हाइकं आधी कुरकुरत आणि मग आरशात बघून गप्प होत.

तिने चहा केला, टोस्ट केले, बशी त्यांच्यासमोर ठेवली. ते म्हणाले, "आज उशीर झाला तुला." म्हणाले, "उजेड कमी झालाय का गं खोलीत?" ती म्हणाली, "बल्ब बदलायला हवा." ती आत जाऊन पडली. साडेसातला हाक आली.

"साहेब. जरा बघता का? नीट आहे का?"

ती दारात गेली. पितळी जबडा मिटलेला होता, दारापासून चार पावलांवर. तिने पाहिलं, आणि जीभ वरच्या दाताकडे निघाली आहे हे तिला जाणवलं. तिने ती दाबून धरली. खालच्या दातांमागे, जोर लावून, जनावराचं मुंडकं दाबावं तशी. आणि एक क्षणही न थांबता, पान उलटावं तितक्या सहज म्हणाली, "नीट आहे."

बाबांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. "आज लगेच?"

"नीट आहे म्हटलं ना."

"बाई खूश होतील," ते म्हणाले. ओलं फडकं कवळीवर टाकलं, दिवा विझवला. बशी तिने उचलली. चार टोस्टांपैकी दोन तसेच होते, बशीच्या डाव्या बाजूचे. म्हातारपणी भूक कमी होते, असं म्हणून तिने ते कचऱ्यात टाकले.

सकाळी ते दाढी करता करता पडले. इस्पितळात नेलं तेव्हा श्वास होता, शुद्ध नव्हती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि ते कोणाचंही तोंड नव्हतं, एकाही गिऱ्हाइकाचं नाही. तरुण डॉक्टर कागद भरत होता. त्याने विचारलं, "काल काही वेगळं जाणवलं होतं का? झोक जाणं, एका बाजूचं न दिसणं, हातून काही निसटणं? कधी कधी मोठा झटका यायच्या आधी एखादा बारीक येऊन जातो."

"नाही," ती म्हणाली. "नेहमीसारखेच होते."

"कालही काम करत होते?"

"हो. काम पूर्ण केलं त्यांनी."

डॉक्टरने लिहून घेतलं. दुपारी दोनला बाबा गेले.

त्यानंतरचे दिवस माणसांचे होते. माणसं आली, बसली, बोलली. त्यांच्या तोंडांकडे बघणं भाग होतं. दुःख सांगायला उघडलेली तोंडं तिला आतपर्यंत दिसत होती, सोन्याचा मुलामा, किडलेली सुळ्याची कड, जिभेवरचा पिवळा थर, आणि त्यांतून "फार हळुवार माणूस होता" असे शब्द बाहेर येत होते. ती हात जोडून "हो" म्हणत होती. एका चुलतमावशीने तिला जवळ घेतलं, हनुवटी धरून तोंड वर केलं आणि म्हणाली, "बाई गं, अगदी बाप आहेस. काळजीत असलीस की तोंड तसंच करतेस." तिला तो हात झिडकारावासा वाटला. मागच्या खोलीचं दार तिने लावून घेतलं होतं. वासामुळे, असं ती सांगत होती.

अकराव्या दिवशी सकाळी दार वाजलं. साठी उलटलेली बाई, नीटनेटकी साडी, तोंडावर घडी केलेला रुमाल. "मी दातांसाठी आले होते," ती रुमालाआडून म्हणाली, आणि लगेच, "नाही, म्हणजे मला कळलं. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी भेटायलाच आले. पण दातांसाठीही आले, खोटं कशाला बोलू."

"बसा ना."

मास्तरीण बाई बसल्या. दात नसलेल्या तोंडाने बोलताना त्यांचे गाल आत जात होते, शब्द हिरड्यांवर घसरत होते, आणि तिला ते पाहवत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती. बाईंना ते कळलं. "बघा, लाजू नका. माझा नवराही म्हणतो. त्याला दिसत नाही हो, दोन वर्षं झाली. रोज संध्याकाळी मी त्याला वाचून दाखवते. दात काढल्यापासून म्हणतो, तू कोणत्या भाषेत वाचतेस? मी म्हटलं, मांजरांच्या." त्या हसल्या आणि रुमाल पुन्हा वर गेला. "तीन आठवडे झाले, पुस्तक अर्धं पडलंय. म्हणतो, दात येईपर्यंत थांबू. तुमचे वडील म्हणाले होते, तुमचा तो आगाऊ दात मी सोडणार नाही. डॉक्टर म्हणतात, मेणातलं काम झालेलं असेल तर ते दुसऱ्या कोणाकडून पुढचं करून घेतील. झालंय का हो?"

"झालंय," ती म्हणाली. "आणते."

दार उघडताच कोंडलेला मेणाचा वास अंगावर आला. अकरा दिवसांत फडकं वाळून कडक झालं होतं आणि त्यावर ओलीचा काळसर ठिपका धरला होता. ती आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या बाजूने टेबलाशी गेली. खुर्ची मागे सरकवली, पण बसली नाही. फडकं दोन बोटांनी उचललं. बुरशीचा वास आला. पितळी जबडा थंड होता. तिने तो हातात घेतला. मेण बोटांना चिकटलं, दुसऱ्याच्या लाळेसारखं, आणि तिने तो खाली ठेवला नाही.

उजव्या बाजूचं मेण काचेसारखं होतं. हिरडीचे उंचवटे, दातांच्या मुळांचे हलके फुगवटे, तो आगाऊ दात फोटोत होता तसा, कोणाच्या तरी हसण्याची वाट पाहत शेजारच्यावर चढलेला. मधली रेघ ओलांडून डावीकडे आलं की काहीतरी हळूहळू सुटत गेलं होतं. फार नाही. दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं. दात होते सगळे, पण एकेक केसभर खाली बसत गेला होता, आणि शेवटी शेवटी मेणावर चाकूच्या खुणा तशाच होत्या, गुळगुळीत करायच्या राहिलेल्या. आपण पाहतोय असं बाबांना जिच्याबद्दल वाटत होतं आणि जी त्यांच्यासाठी उरलेलीच नव्हती, ती ही बाजू. डावीकडचे दोन टोस्ट. उजेड कमी झालाय का गं. तिची जीभ केव्हाच वरच्या दातांवरून डावीकडे जाऊन थांबली होती, आणि तिला लख्ख आठवलं, की त्या संध्याकाळीसुद्धा ती तिकडेच निघाली होती. दारातून, चार पावलांवरून, एका नजरेत. दाबून धरायला जोर लागला होता. पाहिलंच नसतं, तर दाबायचं काय होतं?

बाई मागे येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या, नेमक्या ती उभी राहत असे तिथे. त्यांनी मान पुढे काढून पाहिलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "माझंच तोंड." मग बोटाने दाखवून, "हा तेवढा वाकडा आहे, तो राहू देतील ना दुसरे?"

"तो वाकडा बरोबर आहे," ती म्हणाली. "तो कोणाला हलवू देऊ नका."

"बाकी नीट आहे?"

ती थांबली. या वेळी तिने जीभ सोडून दिली, जिथे जायची तिथे जाऊ दिली. तिला चाकू धरता येत नव्हता, मेण कितपत तापवायचं ते ठाऊक नव्हतं, हातांना यातलं काहीच येत नव्हतं. फक्त दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते तोंडातून बाहेर काढण्याची सवय तिला कधी लागली नव्हती. किळस होती तशीच होती, बोटांना, घशाला. आता ती मेणाची राहिली नव्हती. बाई वाट पाहत होत्या, गाल आत गेलेले, रुमाल हातात विसरलेला. खुर्ची रिकामी होती आणि खिडकीतून भरपूर उजेड येत होता. जबडा तिने खुर्चीसमोर ठेवला, बाबा ठेवत तसा, दर्शनी बाजू खुर्चीकडे करून.

"नाही बाबा," ती खुर्चीकडे बघून म्हणाली, "नीट नाही. डावी बाजू खाली बसलीय. मला त्या दिवशीच दिसलं होतं."